सरासरी

अकरा शाळा, एक तक्ता.
इयत्ता सहावी, सामान्य विज्ञान, पन्नासपैकी.
नागाळा पार्कातून फोन : चारच्या आत पाठवा.
चारला आमच्याकडं वीज जाते
हे फोनला माहीत नसतं.

पाटीलमळा पहिली. दरवेळी तीच.
तिथं सूक्ष्मदर्शक आहे, काचेच्या कपाटात,
कपाटाला कुलूप,
आणि किल्ली पोवार गुरुजींच्या करगोट्याला, असं पोरं म्हणतात.
माळभाग दुसरी.
नदीवेस कशीबशी तिसरी :
वर्गाच्या भिंतीवर पुराची रेघ अजून छातीएवढी,
आणि ‘पाण्याचे गुणधर्म’ या प्रश्नात
निम्म्या पोरांना भोपळा.

चौथी खडकेवाडी.
चौदा पोरं, सरासरी एकतीस.
पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं मी.

पण दिवाळी झाल्यावर मुल्लाणी बाई
उसाच्या फडावर गेल्या, स्कूटर बांधावर लावून,
आणि टोळीतली पाच पोरं पटावर घेऊन आल्या.
कुणी गेवराईचं, कुणी शिरूरचं,
एकाला तर आपलं गाव कारखान्याच्या नावानंच माहीत.
त्यांचे गुण : बारा, नऊ, आठ, सात, पाच.
बेरीज एक्केचाळीस.
चारशे चौतीस अधिक एक्केचाळीस, भागिले एकोणीस.
पंचवीस.
बाकीसुद्धा उरत नाही, इतका चोख भागाकार.
खडकेवाडी चौथीवरून अकरावी.

मी फोन केला. म्हटलं, बाई,
पाचजणांपुढं ‘गैरहजर’ लिहा, कोण बघतंय.
पलीकडं कुठंतरी ट्रॅक्टर घरघरत होता.
‘हजर होती सर,’ त्या म्हणाल्या,
‘पहिल्याच बाकावर बसलीती.
आणि पेपर तुम्हीच तपासलायसा की.’

हे खरं. त्या आठवड्यात तपासणारे कमी पडले,
खडकेवाडीचा गठ्ठा मी घरी आणला होता,
रात्री, टीव्ही चालू ठेवून.

गठ्ठा पुन्हा सोडला.
प्रश्न सातवा, गुण दोन :
पहाटे पूर्वेला दिसणारी चंद्रकोर कोणत्या पक्षातील?
उत्तरसूचीत एकच शब्द, कृष्ण.
पाटीलमळ्याच्या बावीस पोरांनी तो लिहिला होता
बावीस सारख्या अक्षरांत.

शिवकन्या, बैठक क्रमांक सोळा, एकूण गुण नऊ.
तिनं लिहिलं होतं :
‘आई तीनला उठती तवा दिसती ती.
रोज बारीक होती.
मग दोन दिस दिसतच नाही,
तवा बॅटरी मी धरते.’

त्यावर लाल फुली.
पेन माझा. हात माझा.
फुलीचं एक टोक ‘बॅटरी’ या शब्दावरून गेलेलं.

मी दोन गुण वाढवले.
बेरीज चारशे सत्याहत्तर, भागिले एकोणीस,
पंचवीस पूर्णांक एक दशांश.
क्रमांक अकरावाच. दहावी शाळा सव्वीसवर होती.
खोडरबरानं पेन्सिल पुसली
आणि चारला पाच कमी असताना तक्ता पाठवला.

निकाल लागला. पाटीलमळ्यात पेढे.
खडकेवाडीला कारणे दाखवा :
विज्ञानात शाळा मागे का?
बाईंनी काय उत्तर दिलं ते फाईलला लागलंय,
मी वाचलेलं नाही.

मार्चात कारखान्याचा पट्टा पडला.
बैलगाड्यांवर चुली, कोंबड्या, गोधड्या चढल्या,
वर पोरं.
पटावरच्या पाच नावांवर एकच रेघ, पट्टी लावून मारलेली.

परवा बाईंचा फोन.
‘सर, तुमचा तक्ता नवा करून घ्या.
आमची सरासरी एकतीस झाली.
चौथ्या आलो बघा आम्ही.’

मी अभिनंदन म्हणालो.
तोंडातून गेलंच ते.
त्या काही बोलल्या नाहीत, फोनही ठेवला नाही,
आणि मला विचारायचं होतं
की आज तिथी कोणती,
पण ते विचारण्याजोगं काही नव्हतं.